प्रतिसाद: पंचवटीची पायी फेरी आणि मार्गदर्शक

मार्गदर्शक केवळ रामायणातील कथाच सांगत बसतात, तेव्हा रामकुंड, काळाराम आणि सीतागुंफा आपले आपण पाहावे, हे वरील मत मला अर्धेच पटते. कथांचा भडिमार होतो खरा. कपालेश्वरासमोर नंदी का नाही, हे मी फेरीच्या एका सकाळी तीन निरनिराळ्या लोकांकडून ऐकले. परंतु गेल्या पावसाळ्यात बाहेरगावच्या पाहुण्यांसोबत मी, जन्माने नाशिककर असूनही, अशा फेरीला गेलो, तेव्हा आमच्या मार्गदर्शकांनी गोदाकाठी दुतोंड्या मारुतीपाशी थांबवून पाणी मूर्तीच्या गुडघ्याला, कमरेला की गळ्याला लागले यावरून शहर पुराची तीव्रता कशी ठरवते, हे समजावले आणि तेथूनच १७४७ साली बांधलेल्या नारोशंकराच्या मंदिराकडे नेले.

त्या मंदिराची प्रसिद्ध घंटा आम्ही लहानपणापासून पाहत आलो. ती १७३९ च्या वसईच्या विजयाची आठवण मानली जाते, हे मात्र पाहुण्यांसाठी (आणि खरे तर माझ्या मुलांसाठीही) नवीन होते. एक उणीव नोंदवावीशी वाटते: काळाराम मंदिरात काळ्या पाषाणाचे वर्णन दहा मिनिटे चालले, पण २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली तेथे सुरू झालेल्या मंदिरप्रवेश सत्याग्रहाचा उल्लेख मला विचारून करवून घ्यावा लागला. फेरी ठरवताना हे आधीच विचारून घ्यावे.