मदत हवी आहे: दोन टप्प्यांच्या रॉकेटचा वरचा टप्पा पेटला नाही (थुंब्याचं नायकी-अपाची)

नमस्कार मंडळी,

आम्ही डेन्व्हरजवळ राहतो. मागच्या दिवाळीत लेकीला (वय १२) तिच्या आजोबांनी फोनवर २१ नोव्हेंबर १९६३ची गोष्ट सांगितली. केरळच्या किनाऱ्यावरचं थुंबा, चर्चच्या इमारतीत थाटलेलं ऑफिस, तिथून उडालेलं आपलं पहिलं साउंडिंग रॉकेट (वरच्या वातावरणाचा अभ्यास करायला सोडतात ते) आणि संध्याकाळच्या आकाशात सोडियमच्या वाफेचा नारिंगी पट्टा. ते रॉकेट अमेरिकेचं नायकी-अपाची होतं, दोन टप्प्यांचं. लेकीने तेव्हाच ठरवलं की हेच बनवायचं, आणि किट न आणता. यंदाच्या २१ नोव्हेंबरला आजोबांना व्हिडिओ कॉलवर उडवून दाखवायचं आहे.

मोटर (बारूद भरलेली तयार नळकांडी) अर्थातच दुकानातल्या, एस्टेस कंपनीच्या. बाकी सगळं घरी केलं. खऱ्या अपाचीची, म्हणजे वरच्या टप्प्याची, जाडी साधारण १६.५ सेंमी आणि खालच्या नायकीची ४२ सेंमी, म्हणजे अडीचपट. वरची नळी १८.७ मिमीची मिळाली, त्या हिशोबाने खालची ४७ मिमीची पुठ्ठा गुंडाळून केली. एकूण उंची ९४ सेंमी. पंख बाल्साचे, कडा लेकीने पॉलिश पेपरने घासून घासून गोल केल्या. मोटरसकट वजन १८५ ग्रॅम. खालच्या टप्प्यात डी१२-० मोटर, वरच्यात सी६-७.

दोन रविवारांपूर्वी क्लबच्या मैदानावर उडवलं. डी१२ने झकास उचललं, एकदम सरळ. मग वर बारीकसा 'फट्' असा आवाज आला आणि दोन्ही टप्पे सुटे झाले. वरच्यातून धूर नाही, काही नाही. तो तसाच थोडा वर गेला, वळला आणि नाक खाली करून जमिनीत घुसला. मोटर पेटलीच नाही, त्यामुळे पॅराशूट उघडायचा प्रश्नच नव्हता. लेक बराच वेळ गप्प होती.

घरी आणून नीट पाहिलं. सी६च्या नॉझलची (आग बाहेर पडते त्या मातीच्या तोंडाची) माती स्वच्छ आहे, काजळीचा ठिपकासुद्धा नाही. खालची नळी उभी कापली तर आतला पुठ्ठा खालून वर काळा, मग तपकिरी, आणि वरची दहा सेंमी अगदी कोरी. दोन मोटरमध्ये २८ सेंमी अंतर आहे आणि मध्ये नुसती मोकळी नळी.

वरची मोटर खालचीच्या ठिणगीने पेटायला हवी होती, मग ठिणगी वरपर्यंत का पोचली नाही? खालची मोटर नळीत वर सरकवून अंतर कमी केलं तर चालेल का? लहान रॉकेटमध्ये दोन मोटर सेलोटेपने एकमेकींना चिकटवतात ते ठाऊक आहे, पण इथे नायकीची लांबी राखायची आहे.

रानवारा:
ताई, दोष अंतराचा कमी आणि कोंडलेल्या हवेचा जास्त आहे. डी१२-०ला डिले (बारूद संपल्यावर थोडा वेळ थांबवणारा थर) नसतो, वरची टोपीही नसते. बारूद शेवटपर्यंत जळला की पुढून फुटतो आणि गरम कण वर उडतात. पण तुमच्या नळीतल्या हवेला बाहेर जायला वाट कुठे आहे? ती दाबली गेली आणि कण पोचायच्या आत तिनेच वरचा टप्पा ढकलून दिला. तुम्ही ऐकलेला 'फट्' तोच.

आत २४ मिमी मोटर बसते त्या मापाची नळी घाला, खालच्या मोटरपासून थेट वरच्या नॉझलपर्यंत. म्हणजे कण पसरणार नाहीत. नॉझलच्या जरा खाली या आतल्या नळीला समोरासमोर दोन भोकं पाडा, ६ मिमीची. आणि बाहेरच्या नळीलाही पाडा! हे विसरलं की दोन नळ्यांमधल्या पोकळीत हवा कोंडते आणि पुन्हा तेच.

मोटर वर सरकवू नका. नॉझल नळीत खोल गेलं की थ्रस्ट (ढकलणारा जोर) मरतो, याला क्रुशनिक इफेक्ट म्हणतात. जोड किती घट्ट हवा ते असं बघा: रॉकेट नाकाला धरून उचललं तर खालचा टप्पा लटकून राहावा, हलका झटका दिला की निसटावा.

खऱ्या नायकी-अपाचीत नायकी साडेतीन सेकंदांत जळून मागे पडायचा, अपाची काही वेळ नुसत्या वेगावर वर जायचा आणि मग पेटायचा. आपल्या मॉडेलला तेवढी सवड नाही.

शेंडेफळ:
एक कळकळीचं सांगणं. जमिनीवर आदळलेली ती सी६ पुन्हा वापरू नका. आतला बारूद तडकलेला असू शकतो आणि तडकलेली मोटर पेटताच फुटते. पाण्यात भिजत घाला आणि टाकून द्या.

दुसरं म्हणजे वारा. पंख मोठे असल्याने रॉकेट वाऱ्याच्या दिशेने तोंड वळवतं. कललेलं असताना वरचा टप्पा पेटला तर तो आडवा पळेल, लोकांच्या अंगावरही. सकाळची शांत वेळ धरा. आणि वरचा टप्पा एकटाही स्थिर हवा. मोटर भरून, गुरुत्वमध्यावर दोरा बांधून डोक्याभोवती फिरवा. नाक पुढे ठेवून फिरला तर ठीक, नाहीतर नाकात थोडी माती भरा.

मूळ लेखिका:
दोघांचे मनापासून आभार! नवी नळी, आतली नळी, चार भोकं, सगळं केलं. दोऱ्यावर वरचा टप्पा आधी आडवा फिरत होता. नाकात ५ ग्रॅम माती घातल्यावर सरळ झाला. काल सकाळी सात वाजता, वारा जवळजवळ नसताना उडवलं. भोकांतून धुराच्या दोन शेपट्या दिसल्या आणि पाठोपाठ सी६ पेटली. लेक इतकी ओरडली की पलीकडच्या कुंपणातली गुरं माना वर करून बघायला लागली. पॅराशूट उघडलं. नॉझल आता काळंकुट्ट आहे, ते तिने आजोबांसाठी डबीत ठेवलंय.

फक्त नायकी गरगरत पडला आणि त्याचा एक पंख बुडाशी मोडला. त्याला पॅराशूट नाही, म्हणजे दर वेळी हे होणार. पंखाच्या दोन्ही बाजूंना कागद चिकटवून मजबूत केला तर मागचं वजन फार वाढेल का? २१ तारखेला अजून तीन आठवडे आहेत.