रंगकामाचा अंदाज तुमच्याकडं कसा लिहून देतात?

कापसाचे पैसे हाती आले की आमच्याकडं दोन कामं निघतात, लग्न अन् रंग. रंगाचा हिशेब मात्र अजूनही "होऊन जाईल ना भाऊ, कायले टेन्शन घेता" असा तोंडीच चालतो. ज्यांनी नीट लिहून दिलं किंवा घेतलं, त्यांनी सांगावं. भाव गावागणिक वेगळा, म्हणून मोजमाप कसं केलं ते आधी सांगा.

पेंटर, दारव्हा तालुका
टेपाचं दुसरं टोक मी घरवाल्यालेच धरायले लावतो. मंग मापावर वाद होत नाही. १० बाय १२ ची खोली, उंची १० फूट. भिंती ४४०, छत १२०, झाले ५६० चौरस फूट. लोक म्हणतात, खोली १२० फुटाची अन् हा ५६० काहून लावते? चारही भिंती कागदावर उलगडून काढून दाखवल्या की पटते. दार-खिडकी मी वजा करत नाही, चौकटीच्या कडेनं ब्रश चालवाले वेळ जाते. पण हे कागदावर आधीच लिहितो.

निवृत्त अभियंता, वाशीम
सरकारी मोजमापात (आयएस १२००) अर्ध्या चौरस मीटरपर्यंतची फट-झरोका वजा होत नाही. त्याहून मोठ्या, ३ चौरस मीटरपर्यंतच्या दार-खिडकीची भिंतीच्या एकाच बाजूनं वजावट होते. खासगी कामात काहीही ठरवा, पण ठरवा.

शिक्षिका, दर्यापूर
आमचा खारपाणपट्टा, म्हणजे खाऱ्या पाण्याचा भाग. भिंतीला खालून लोणा लागतो. ओल वर चढते, पाणी उडून जातं, मीठ मागं राहतं आणि रंगाला ढकलून पाडतं. दोघा पेंटरांनी बाहेरूनच फुटाचा भाव सांगितला. तिसऱ्यानं पत्रीनं खरवडून पाहिलं आणि खालच्या तीन फुटांचं काम वेगळं लिहिलं: सैल प्लास्टर काढणं, नवं मारणं, पूर्ण वाळू देणं, मग प्रायमर. समोर लिहिलं, "लोणा परत आल्यास हमी नाही." त्याचा आकडा सगळ्यात मोठा होता. काम त्यालाच दिलं. हमी नाही असं आपल्या हातानं लिहून देणारा माणूस मला तरी जास्त भरवशाचा वाटतो.

हार्डवेअर दुकानदार, मूर्तिजापूर
पेंटरच्या चिठ्ठीवर नुसतं "रंग २० लिटर" असतं. कोणता? डिस्टेंपर, इमल्शन की बाहेरचा? शेड ठरल्याशिवाय लिटरचा भाव लिहूच नये. त्याच कंपनीचा, त्याच नावाचा रंग गडद शेडमध्ये महाग पडतो. ४० किलोचं पुट्टीचं पोतं दोन हातांत (थरांत) साधारण ४०० ते ५०० चौरस फूट जातं, तेही भिंत बरी असेल तर. रंग किती फूट जाईल हा डब्यावरचा आकडा गुळगुळीत भिंतीचा असतो, आपल्याकडचं खरबरीत प्लास्टर त्याहून जास्त पिते. भाव १८ टक्के जीएसटी धरून की सोडून, तेही लिहा. आणि डब्यातलं टोकन (कंपनी टाकते ते, त्याचे पैसे मिळतात) पेंटरचं असते हे घरवाल्याला आधीच सांगून टाका, नाहीतर महाग डबा टोकनासाठीच लिहिला असा संशय येते. कधी कधी तो खराही असते!

शेतकरी, वणी
काळ्या मातीवरचं घर. उन्हाळ्यात भेगा उघडतात, पावसाळ्यात मिटतात. भेग कापून भरायची मजुरी वेगळी लिहिली नाही तर पेंटर वरून पुट्टी फासून मोकळा होते.

पेंटरची बायको, ब्रह्मपुरी
आमच्याकडं काम हे करतात, लिहिते मी. मजुरी एका पानावर, माल दुसऱ्यावर. कुठल्या भिंतीला किती हात, तेही. खाली "यात नाही" असा रकाना असतो: आलमारी हलवणं, गेट-ग्रील, उंच शिडीचं भाडं. जास्तीचं काम निघालं तर आधी लिहायचं, मग ब्रश लावायचा. हे नियमानं पाळतो, कारण शेवटच्या दिवशी "आता आलेच तर देवघर पण मारून द्या ना" हे हमखास असतं. देवघराचे पैसे मागायला यांना लाज वाटते, म्हणून ते मी पहिल्याच दिवशी मोजून यादीत घालते.