मदत हवी आहे: भावावर चोरीची केस, जेलऐवजी समाजसेवा मिळते का?

सिडकोची_ताई: धाकट्या भावावर चोरीची केस झाली आहे, जामीन मिळालाय. परवा तारीख आहे. नवीन कायद्यात पहिलाच गुन्हा असेल तर जेलऐवजी समाजसेवा देतात असं वाचलं. अर्ज कुणाकडे द्यायचा? वकील म्हणतात, गुन्हा कबूल करून टाका, साहेब समजून घेतील. पोरगं नाशिकरोडच्या जेलमध्ये गेलं तर हातचं जाईल. कृपया लवकर सांगा.

पंचवटीकर: अठराच्या आतला असेल तर बाल न्याय मंडळाकडे जाईल. उंटवाडीला निरीक्षणगृह आहे, तिथे चौकशी करा.

सिडकोची_ताई: अठराच्या आतला नाही हो. जामीन झालाय म्हटलं ना.

कोर्टवारी: ताई, एफआयआरवर कलम कोणतं? मालाची किंमत? माल परत मिळाला का? चार्जशीट गेलं का? एवढं कळल्याशिवाय कुणीच काही सांगू शकणार नाही.

सिडकोची_ताई: चोरीचं कलम. अंबडच्या कंपनीतली तांब्याची वायर, चार हजारांच्या आसपास. पोलिसांनी त्याच दिवशी जप्त केली. चार्जशीट गेलंय.

सातपूरचा_गडी: माझं शेड आहे. चार हजारांची वायर गेली की मशीन बंद, ऑर्डर लटकते. झाडू मारून सुटायचं असेल तर उद्या सगळेच वायर नेतील.

गोदाकाठ: दादा, शिक्षा द्यायचीच आहे. पण विशीतल्या पोराला सराईत गुन्हेगारांबरोबर ठेवून तुमची वायर सुरक्षित होणार आहे का? माझ्या मावसभावाला प्रोबेशन (परिवीक्षा) मिळालं, म्हणजे जेलऐवजी चांगल्या वागणुकीच्या हमीवर देखरेखीखाली सोडलं. परिवीक्षा अधिकारी घरी येऊन आईशी, शेजाऱ्यांशी बोलून गेले. आज तो स्वतःचं गॅरेज चालवतो. ताई, तुम्हीही प्रोबेशनच मागा.

कोर्टवारी: थांबा. ताई, भाऊ त्याच कंपनीत कामाला होता का?

सिडकोची_ताई: हो, कंत्राटदाराकडून हेल्पर. त्याने काय फरक पडतो? कागद आत्ता काढला, ३०६ लिहिलंय.

कोर्टवारी: सगळा फरक त्यानेच पडतो. समाजसेवा आहे ती भारतीय न्याय संहितेच्या ३०३(२) मध्ये: माल पाच हजारांच्या आतला, पहिलाच दोष आणि माल किंवा त्याची किंमत परत. ३०६ म्हणजे नोकराने मालकाच्या मालाची केलेली चोरी, सात वर्षांपर्यंत कैद. त्यात समाजसेवा नाही. कंत्राटदाराचा माणूस कंपनीचा नोकर ठरतो का, हा मुद्दा वकिलांना आरोप निश्चित होण्याआधी मांडायला सांगा. तोपर्यंत कबुली नको. आणि समाजसेवा हीसुद्धा दोषी ठरल्यावरची शिक्षा आहे, केस त्याने पुसली जात नाही. वय नेमकं किती?

सिडकोची_ताई: वीस. दिवाळीनंतर एकवीस पूर्ण.

पंचवटीकर: मग काळजी नको, गुन्ह्याच्या दिवशीचं वय धरतात.

कोर्टवारी: ते अल्पवयीनांसाठी. १९५८ च्या परिवीक्षा कायद्यात कलम ६ प्रमाणे एकवीसच्या आतल्याला परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल बघून, कारणं नोंदवूनच कैद देता येते. पण वय बघतात दोषी ठरवताना, सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये रामजी मिस्सर खटल्यात तसं सांगितलंय. तारखा दिवाळीपलीकडे गेल्या तर हे संरक्षण जाईल. कलम ४ खालचं प्रोबेशन मात्र त्यानंतरही मागता येतं. प्रोबेशन मिळालं तर कलम १२ मुळे त्या दोषसिद्धीची कायदेशीर अपात्रता लागत नाही. पुढे नोकरीच्या वेळी ते कामी येतं.

मेरीचे_आजोबा: नाशिकरोडचे बंदी गणपतीच्या मूर्ती फार सुरेख करतात. आम्ही तिथूनच आणतो. तिथेही माणसं सुधारतात, घाबरू नका.

सिडकोची_ताई: आजोबा, मला त्याला तिथे पाठवायचंच नाहीये.

जेलरोडकर: पोराला नशा आहे का? असेल तर आधी व्यसनमुक्ती केंद्र बघा.

सिडकोची_ताई: नाही, सुपारीसुद्धा खात नाही. कोर्टवारी काका, कंपनीने माफ केलं तर?

सातपूरचा_गडी: ताई, मालक म्हणून सांगतो, वडीलधाऱ्यांना घेऊन स्वतः जा. फोनवर कुणी ऐकत नाही. माझ्याकडे पोराचे वडील आले असते तर मी केस वाढवली नसती.

कोर्टवारी: तडजोड होते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५९ प्रमाणे ३०६ मध्ये न्यायालयाची परवानगी लागते. मंजूर झाली की निर्दोष सुटल्यासारखंच धरतात, म्हणून सगळ्यात आधी हेच करून बघा. जमलं नाही तर प्रोबेशन. वकील दाद देत नसतील तर जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं (मोफत कायदेशीर मदतीचं) कार्यालय आहे, एफआयआर आणि चार्जशीटची प्रत घेऊन जा.

सिडकोची_ताई: उद्या सकाळी बाबांना घेऊन जाते. भेटू कुणाला, कंत्राटदाराला की कंपनीच्या मॅनेजरला?

कोर्टवारी: वायर ज्याची, सही त्याची. कंपनीकडे जा. मॅनेजरला सहीचा अधिकार आहे का, ते मात्र तिथेच विचारून घ्या.