मायनिंग डिप्लोमानंतरचं पहिलं वर्ष: कोळसा खाणीत उतरण्याआधी काय माहीत हवं?

वणीची_ताई
धाकट्या भावाचा मायनिंगचा डिप्लोमा यंदा संपतो आहे. पुढे वर्षभराचं प्रॅक्टिकल ट्रेनिंग करायचं आहे. घराजवळच्या ओपनकास्टमध्ये (वरून उघड्या खाणीत) जागा मिळू शकते. अंडरग्राउंड (जमिनीखालची खाण) हवं असेल तर नागपूरकडे खोली घेऊन राहावं लागेल. आईचं म्हणणं, घराजवळचंच घे. पुढच्या नोकरीच्या दृष्टीने फरक पडतो का? आणि पहिल्या महिन्यात त्याने कशाची काळजी घ्यावी?

जुना_ओव्हरमन
ताई, फरक पडतो, आणि बराच पडतो. त्याला अंडरग्राउंडलाच पाठवा.

कोळसा खाणीत डिप्लोमाचा कागद एकटा पुरत नाही. सरदार (कामाच्या जागेची सुरक्षा बघणारा), ओव्हरमन (त्याच्या वरचा पर्यवेक्षक), सेकंड क्लास मॅनेजर, फर्स्ट क्लास मॅनेजर ही चढण डीजीएमएसच्या (खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या) सर्टिफिकेटवर चालते. अनुभव फक्त ओपनकास्टचा असला तर सर्टिफिकेट ‘रिस्ट्रिक्टेड’ मिळतं, म्हणजे त्यावर जमिनीखालच्या खाणीत जबाबदारी घेता येत नाही. अंडरग्राउंडचा ठरलेला अनुभव असला की ‘अनरिस्ट्रिक्टेड’ मिळतं आणि ते दोन्हीकडे चालतं. भरतीच्या जाहिरातीत अनरिस्ट्रिक्टेडच मागितलं असेल तर घराजवळ काढलेलं वर्ष तिथे उपयोगी पडत नाही.

गॅस टेस्टिंग आणि फर्स्ट एडची सर्टिफिकेटंही याच वर्षात उरकायला सांगा. ही दोन नसल्यामुळे पुढचा अर्ज अडलेली मुलं दर वर्षी दिसतात.

रोजची डायरी त्याच दिवशी लिहावी: कोणता सीम (कोळशाचा थर), कोणता डिस्ट्रिक्ट (खाणीतला विभाग), कोणतं काम पाहिलं. अनुभवपत्र हातात पडलं की खाणीचं नाव, तारखा, जमिनीखाली किती दिवस आणि मॅनेजरची सही शिक्का हे तिथल्या तिथे तपासून घ्यावं. मॅनेजरची बदली झाल्यावर दुरुस्ती करून घ्यायला महिने जातात.

गॅसटेस्टर_उमरेड
वरचं सगळं बरोबर. मी खाली उतरल्यावरचं सांगतो.

काडेपेटी, बिडी, लायटर, मोबाइल वरच राहतं. झडती घेतात, त्याचा राग मानू नये. लॅम्प रूममधून कॅप लॅम्प घेतला की उजेड पूर्ण आहे का आणि केबलला चीर नाही ना, हे खिडकीपाशीच बघावं. सेल्फ रेस्क्यूअर (विषारी हवेत श्वास घेण्यासाठीचं आणीबाणीचं उपकरण) कमरेला हवा, ट्रॉलीवर टांगलेला नको. तो उघडायचा सराव वरच इतका करायला हवा की अंधारात हात आपोआप चालले पाहिजेत. वापरताना आतली हवा गरम लागते. म्हणजे तो बिघडला असं समजून तोंडातून काढायचा नाही. नवीन माणूस नेमका तिथेच फसतो.

हवेबद्दल थोडे आकडे पाठ असावेत. मिथेन हवेत साधारण ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान स्फोटक असतो, पण नियम त्याच्या खूप आधी थांबवतो: १.२५ टक्क्यांना वीज बंद आणि माणसं बाहेर. मिथेन हलका, म्हणून चालीला (छताला) आणि चाल पडून झालेल्या पोकळीत साठतो. छातीच्या उंचीवर मीटर धरून ‘गॅस नाही’ म्हणणं चूक आहे, मीटर चालीपर्यंत न्यावा लागतो. ब्लॅकडॅम्प (ऑक्सिजन कमी असलेली जड हवा) उलट, उताराच्या टोकाला आणि संपमध्ये (पाणी साठवायच्या खड्ड्यात) खाली बसतो. कार्बन मोनॉक्साइडला वासच नाही. त्याची मर्यादा ५० पीपीएम (दहा लाखांत ५० भाग), आणि तो वाढू लागला म्हणजे कुठेतरी कोळसा आतून तापतो आहे. ऑक्सिजन १९ टक्क्यांच्या खाली नको. मुख्य पंखा बंद पडला तर ‘पाच मिनिटांत सुरू होईल’ म्हणत बसून राहायचं नाही. सरदार सांगेल त्या रस्त्याने निघायचं.

आता चाल. ठोकून बघताना आपण सपोर्टखाली उभं राहायचं आणि लांब बार पुढे न्यायचा. ठणठणीत आवाज आला तर चाल घट्ट, बदबद आला तर थर सुटला आहे. दुसरा हात चालीला लावून ठेवला तर ठोकताना कंप जाणवतो. मात्र आवाज चांगला आला म्हणून चालीला आधार देणाऱ्या बोल्टच्या शेवटच्या रांगेपुढे जायचं नाही. ब्लास्टिंगनंतर उघडी पडलेली चाल लगेच पडेलच असं नाही, ती तास दोन तासांनीही पडते. बरेच जण चहाहून परत आल्यावर सावधपणा सोडतात.

हॉलेज रोडवर (कोळशाचे टब, म्हणजे छोटे डबे, दोराने ओढायच्या रस्त्यावर) रोप चालू असताना चालायचं नाही. साध्या उतारावर दर २० मीटरला आणि तीव्र उतारावर दर १० मीटरला मॅनहोल (भिंतीत आडोशाला उभं राहायचा कोनाडा) असतं. जाताना मागचं मॅनहोल किती पावलांवर राहिलं याचं भान हवं. टबची कपलिंग तुटली की विचार करायला वेळ मिळत नाही.

डंपर_रोड
ओपनकास्ट सोपं असतं असा समज होऊ नये म्हणून लिहितो. भावाला कधीतरी तिथेही जावं लागेलच.

तिथला मोठा धोका गाड्यांचा. शंभर टनी डंपरच्या केबिनमधून समोरचे आणि उजव्या बाजूचे बरेच मीटर दिसतच नाहीत. ऑपरेटरने पाहिलं आहे याची खूण मिळाल्याशिवाय गाडीजवळ जायचं नाही. जीप डंपरच्या मागे किंवा पुढे चिकटून उभी करायची नाही, आणि जीपवर उंच झेंडा हवा. टायरमध्ये हवा भरताना बाजूच्या भिंतीसमोर उभं राहायचं नाही. हॉल रोडचा (डंपर चालतात त्या रस्त्याचा) उतार साधारण १६ ला १ पेक्षा जास्त नको. पावसात काळ्या मातीचा चिखल रस्त्यावर आला की एवढ्या उतारावरही ब्रेक लागत नाही.

वणी, चंद्रपूर भागात वरचा बेंच (खाणीची पायरी) काळ्या मातीचा. पावसाळ्यात बेंचच्या काठाला समांतर भेग दिसली की खाली काम थांबवायचं आणि ओव्हरमनला कळवायचं. ओबी डंपचंही (कोळशावरची माती-दगड काढून केलेल्या ढिगाऱ्याचंही) तेच. डंपचा एक टप्पा ३० मीटरपेक्षा उंच नसावा, कारण पाणी मुरलं की उंच डंप पायथ्यापासून सरकतो. २९ डिसेंबर २०१६ ला झारखंडच्या राजमहल ओपनकास्टमध्ये ढिगारा घसरून २३ माणसं गेली. भेग दिसली की लगेच बोलावं, नवीन आहे म्हणून गप्प बसू नये.

ब्लास्टिंगचा धोक्याचा पट्टा ५०० मीटर. सायरननंतर ‘माझं काम लांब आहे’ हे चालत नाही.

वणीची_ताई
सर्वांचे मनापासून आभार. आईलाही वाचून दाखवलं. अजून एक: मँगनीजच्या खाणीतही ट्रेनिंगची जागा आहे म्हणतात. तीही अंडरग्राउंडच. ती घेतली तर?

जुना_ओव्हरमन
कोळशात जायचं असेल तर नको. कोळसा आणि धातूच्या खाणींचे नियम आणि सर्टिफिकेटं वेगळी आहेत. कोळशात सरदार, ओव्हरमन. धातूत मेट, फोरमन. गुमगाव किंवा चिखला इथली मँगनीजची खाण शिकायला उत्तमच, पण तिथला अनुभव कोळशाच्या ओव्हरमनसाठी तसाच्या तसा धरतील असं समजू नये. आधी दिशा ठरवा, मग जागा घ्या.

कामगार_कागद
रुजू होताना सुरुवातीची वैद्यकीय तपासणी होते: छातीचा एक्स-रे, कान, डोळे. त्या तपासणीच्या फॉर्म ‘ओ’ची आणि एक्स-रेची प्रत मागून घरी ठेवा. वीस वर्षांनी धुळीने फुप्फुसं खराब झाली तर पहिल्या दिवशी ती साफ होती हे त्यावरूनच दाखवता येतं.

पुढे नोकरी लागली की फॉर्म ‘बी’ रजिस्टरमध्ये (कामगारांच्या नोंदवहीत) नाव आणि जन्मतारीख दहावीच्या सनदेप्रमाणेच नोंदली आहे ना ते बघावं. तिथे झालेली चूक निवृत्तीच्या वेळी वर येते. ठेकेदाराकडे लागला तरी सीएमपीएफचा (कोळसा खाण भविष्य निर्वाह निधीचा) नंबर आणि एचपीसी (ठेका कामगारांसाठी उच्चाधिकार समितीने ठरवलेल्या) दराने पगार मागायचा, पगाराची पावती दर महिन्याला घ्यायची. आणि ‘सरदारची जागा लावून देतो’ म्हणत कोणी पैसे मागितले तर एक रुपयाही देऊ नका. भरती जाहिरात आणि परीक्षेतूनच होते.