जुनी होंडा सीआर-झी (मॅन्युअल) घ्यायचीय, बॅटरीचं काय बघू?

एडिसनचा_निनाद
मंडळी, न्यू जर्सीत दुसरी गाडी शोधतोय. घरी होंडा ओडिसी (मोठी फॅमिली व्हॅन) आहे, पोरं, सासू-सासरे, कॉस्टको सगळं तिच्यात होतं, मला फक्त मेट्रोपार्क स्टेशनपर्यंत जायला-यायला आणि सुट्टीच्या दिवशी जरा गिअर टाकायला काहीतरी हवंय. सीआर-झीवर जीव जडलाय. हायब्रिड आणि वर सहा गिअरचा मॅन्युअल, दुसरी कोण देते सांगा.

दोन बघून ठेवल्यात. एक २०११ ची, ५२ हजार मैल, रिटायर्ड काकांची, गॅरेजमध्येच उभी असायची, आतून एकदम चकाचक. दुसरी २०१४ ची, १ लाख १२ हजार मैल, रोज हायवेने ऑफिसला जायची, समोर खडे लागून रंग उडालाय आणि भाव जवळजवळ दीड हजार डॉलर जास्त. मला सरळ काकांची वाटतेय. बायको म्हणते दोन सीटची गाडी घेणारा माणूस संसारात नसतो, ते सोडा. बॅटरी जुनी असेल तर कळतं कसं?

गिअरवाला_ओहायो
निनाद, कमी मैल बघून भुलू नकोस, या गाडीत ते उलटं आहे.

२०११-१२ ला १०० व्होल्टची निकेल मेटल हायड्राइड बॅटरी आहे. ती नुसती उभी राहिली की सेल आपापल्या चालीने उतरतात, कुणी भरलेला कुणी रिकामा, मग सगळ्यात कमजोर सेल जेवढं देईल तेवढंच पूर्ण पॅक देतो. रोज चालणारी गाडी या बाबतीत बरी. २०१३ पासून लिथियम आयन आली, १४४ व्होल्टची, ताकद १२२ वरून १३० हॉर्सपॉवर झाली आणि स्टिअरिंगवर एस प्लसचं बटण आलं, दाबलं की मोटर काही सेकंद पूर्ण जोर लावते. माझी २०१३ ची आहे, मी परत घेतली तरी हीच घेईन.

बाकी एक गैरसमज असेल तर काढून टाक, ही टोयोटाच्या प्रियस हायब्रिडसारखी नुसत्या विजेवर चालत नाही. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे एक पातळ मोटर आहे, ती चढावर धक्का देते आणि ब्रेक मारला की चार्ज करते, बस्. त्यामुळे बॅटरी मेली तरी गाडी रस्त्यात झोपेलच असं नाही, पण मग उरतं काय, दीड लिटरचं इंजिन आणि बाराशे किलोची गाडी, म्हणजे तुझा उत्साह पहिल्या चढावर संपला.

टेस्ट ड्राइव्ह अशी घे. आधी गाडी पूर्ण गरम होऊ दे. स्पोर्ट मोड लाव, समोरच्या मीटरचं मधलं कडं लाल होतं. मग लांब चढ शोध, तिसऱ्या गिअरमध्ये दाबून चढव आणि नजर बॅटरीच्या काड्यांवर ठेव. हळूहळू उतरल्या तर ठीक. वरून एकदम तळाला कोसळल्या आणि मग सपाट रस्त्यावर तू काही न करता गाडी स्वतःच जोरात चार्ज करायला लागली, तर ती बॅटरी दमलीय, विकणारा काहीही सांगो.

आणि गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर सोबत ने. पी०ए७एफ हा कोड दिसला तर बॅटरी झिजल्याचा. पण कोड काहीच नाही म्हणून खूश होऊ नकोस, त्याच स्कॅनरवर रेडिनेस मॉनिटर बघ, म्हणजे गाडीने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्यात का ते. ते अपूर्ण दाखवत असतील तर बहुतेक नुकतेच कोड पुसलेत नाहीतर साध्या १२ व्होल्टच्या बॅटरीचा केबल काढलाय.

मेधा_ऑकलंड
आमच्याकडे या सगळ्या जपानहून येतात, त्यामुळे मागे दोन सीट असतात. सीट कसल्या, माझी पर्स बसते. पोरांना घालायचा विचारही करू नका, तुमच्या अमेरिकन गाडीत तर तिथे नुसते कप्पेच आहेत.

गिअरवालांनी सांगितलं ते बरोबरच, एक भर घालते. या गाडीला अल्टरनेटर नसतो, साधी १२ व्होल्टची बॅटरी मोठ्या बॅटरीच्या सिस्टीममधून चार्ज होते. ती छोटी मरायला टेकली की हायब्रिडचे दिवे उगाच लागतात आणि लोक घाबरून मोठी बदलायला निघतात. आधी छोटी चेक करा. उलट कुणी म्हणालं "छोटी बदलली की दिवा जाईल", तर म्हणावं तुम्हीच बदला, मग बोलू.

आणि डिकीचा फ्लोअर उचलून बघा, मोठी बॅटरी आणि तिचा पंखा तिथेच खाली आहे. कुणी सबवूफर बसवायला उचकटलंय का ते लगेच कळतं. मागची काच मधून दुभागलेली आहे, रिव्हर्सला सुरुवातीला जीव वरखाली होतो.

पुणेरी_क्लच
इकडे कधी विकलीच नाही. कुणी जपानहून पुण्यात आणून देईल का? 😅

गिअरवाला_ओहायो
@पुणेरी_क्लच नाही भाऊ. तीन वर्षांपेक्षा जुनी वापरलेली गाडी भारतात आणता येत नाही, आणि ही २०१६ लाच बंद झाली.

एडिसनचा_निनाद
काल काकांची बघून आलो. काका खरंच गोड माणूस, चहा दिला, सर्व्हिसची प्रत्येक पावती फाइलमध्ये. पण हायवेच्या रॅम्पवर दाबली आणि काड्या धाडकन दोनवर आल्या, मग पुढच्या दोन सिग्नलला इंजिन बंदच होईना. काका म्हणाले थंडीमुळे. असं होतं का? किंमतही लगेच आठशेने खाली आली, त्यामुळे अजून डोक्यात घोळतंय.

गिअरवाला_ओहायो
थंडीत ऑटो स्टॉप (सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणं) लागत नाही हे खरं, हीटर चालू असला तरी नाही लागत. पण थंडीने काड्या धाडकन पडत नाहीत, तुझी गाडी गरम झालेली होती ना? काका खोटं बोलत नसतील, स्टेशन आणि किराणा एवढंच चालवणाऱ्याला ते कधी दिसतच नाही. माझ्या मेकॅनिकने २०११ च्या पॅकचा, बसवण्यासकट, अडीच हजारांच्या आसपास आकडा सांगितला होता. आठशे वजा करून तुला अजून सतराशे घालायचेत. २०१४ बघ.

तिच्यात क्लच कुठे पकडतो बघ आणि लिफ्टवर चढवून खालचा गंज बघ, हिवाळ्यात बर्फासाठी मीठ टाकलेल्या हायवेवर धावलीय. टायमिंग बेल्टची चिंता नको, चेन आहे.

मेधा_ऑकलंड
आणि व्हिन नंबर (गाडीचा चासी नंबर) सरकारी साइटवर टाकून एअरबॅगचा रिकॉल (कंपनीने सदोष भाग बदलून देणं) झालाय का ते आधी बघा. टाकाटा कंपनीच्या सदोष एअरबॅगच्या यादीत ही गाडी आहे. राहिला असेल तर काम फुकट होतं, पण ते झाल्याशिवाय चालवत घरी आणू नका. काकांनाही सांगा, गाडी घेतली नाही तरी.