होटगी रोडवरच्या ऑफिस बिल्डिंगची फेरआकारणी : हरकत कशी मांडावी?

मिळकतदार_होटगीरोड

नमस्कार मंडळी. सोलापुरात होटगी रोडला आमची तळमजला अधिक तीन अशी ऑफिसची इमारत आहे. अशोक चौकातले माग विकले, त्या पैशात यजमानांनी आणि धाकट्या दिरांनी मिळून ती बांधली. यजमान गेल्यापासून भाडेकरार, लिफ्टचा मेंटेनन्स, कराची बिलं असं सगळं मीच बघते. कराचा एकही हप्ता मी थकवलेला नाही.

आता महापालिकेकडून मालमत्ता कराच्या फेरआकारणीची नोटीस आली आहे. मोजणीला एका खासगी एजन्सीची दोन मुलं आली होती, तेव्हा मी नेमकी अक्कलकोटला गेले होते. वॉचमनला विचारून त्यांनी टॅबमध्ये जे भरलं, तेच नोटिशीत उतरलेलं दिसतंय.

तळमजला "१९० चौ. मी., ऑफिस, भाड्याने" असा लावलाय. खरं तर त्यातली १३० चौ. मी. बँकेची शाखा. मागचे ६० म्हणजे खांबांवरचं उघडं पार्किंग. तिथे तिन्ही बाजूंना भिंत नाही, शहाबादी फरशी आहे, पावसाचं पाणी आत येतं. बँक महिन्याला ५२ हजार देते, म्हणजे चौरस मीटरला ४०० रुपये. हाच ४०० चा दर त्या पार्किंगला, पहिल्या मजल्यावरच्या १६० चौ. मी.ला, दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या स्वतःच्या चादर-टॉवेलच्या ऑफिसला आणि कुलूप लावलेल्या तिसऱ्या मजल्यालाही लावलाय. पहिल्या मजल्यावर एक सीए आणि एक विमा सर्व्हेयर आहेत. दोघांचं मिळून महिन्याला २७,५०० येतात. तिसऱ्या मजल्यावरचा क्लास जुळे सोलापुरात गेल्यापासून तो मजला रिकामाच आहे.

दीर म्हणतात, "वहिनी, कुणातरी ओळखीच्याला धरून मिटवून टाकू." मला ते नको आहे. जे बरोबर निघेल ते मी पैन् पै भरणार. पण जिथे लोकांच्या मोटारसायकली लागतात, त्या जागेला बँकेच्या काउंटरचा दर मला मान्य नाही, आणि हे मला लेखी, कागदावर सिद्ध करायचं आहे. हरकतीत काय लिहायचं? निकाल लागेपर्यंत बिल भरायचं की थांबायचं? जाणकारांनी सांगावं.

चाटीगल्ली_कापड

वहिनी, सगळ्यात आधी नोटिशीवरची हरकतीची शेवटची तारीख बघा आणि कॅलेंडरवर लाल पेनाने गोल करा. ती चुकली की पुढचे सगळे रस्ते अवघड होतात. अर्ज दोन प्रतीत करा, स्वतः जाऊन आवक विभागात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घ्या. "साहेबांशी बोलणं झालंय" याला कागदावर काही किंमत नाही.

आणि बिल भरायचं थांबवू नका. थकलेल्या रकमेवर दरमहा २ टक्के शास्ती, म्हणजे दंड, चढते. हरकत टाकली म्हणून ती थांबत नाही. पैसे भरताना सोबत पत्र द्या की हरकतीचा हक्क राखून भरत आहे.

निवृत्त_करनिरीक्षक

ताई, मी दुसऱ्या एका महापालिकेत कर आकारणीत होतो, पण मुंबई सोडली तर सगळ्या महापालिकांना १९४९ चाच महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम लागू आहे, त्यामुळे नियम तेच.

हरकतीत "कर परवडत नाही", "एवढी वाढ कशी" असं काहीही लिहू नका. सुनावणीला असे अर्ज मी ढिगाने बघितले आणि ते सगळे पहिल्या मिनिटात निकाली निघायचे. कराचे टक्के महापालिका २० फेब्रुवारीच्या आत ठरवते, ते सुनावणी घेणाऱ्याच्या हातात नसतात. त्याच्या हातात एकच गोष्ट असते : करयोग्य मूल्य. तुमची सगळी भांडणं त्याच एका आकड्याशी.

तो आकडा कसा येतो ते सांगतो. ती जागा वर्षाला वाजवीपणे किती भाड्याने जाईल ते धरायचं, दुरुस्तीपोटी त्यातून १० टक्के वजा करायचे, उरलं ते करयोग्य मूल्य. आता तुमचं पार्किंग बघा. ६० चौ. मी. गुणिले ४०० गुणिले १२ म्हणजे २ लाख ८८ हजार. १० टक्के गेले की २ लाख ५९ हजार २००. म्हणजे त्या उघड्या शहाबादी फरशीचं करयोग्य मूल्य कागदावर अडीच लाखांच्या वर गेलंय! आणि कर दरवर्षी त्यावर बसणार.

पहिला मजलाही तसाच. ४०० च्या दराने ६ लाख ९१ हजार २०० होतात. प्रत्यक्ष भाड्यावर काढा : २७,५०० गुणिले १२, म्हणजे ३ लाख ३० हजार, वजा ३३ हजार, उरले २ लाख ९७ हजार. निम्म्याहून कमी. अर्जात हे दोन्ही हिशोब शेजारी शेजारी मांडा. सुनावणीच्या दिवशी अधिकाऱ्यापुढे पन्नास फायली असतात. ज्या फायलीत गणित तयार असतं, तिच्यावर तो थांबतो. हे मी स्वतः त्या खुर्चीच्या बाजूला बसून पाहिलेलं सांगतोय.

दुसऱ्या मजल्याला भाडंच नाही. मग "वाजवी भाडं" कशावरून काढायचं? रस्त्यालगतच्या तळमजल्यावरून नाही, तर त्याच जिन्याने वर गेल्यावर लागणाऱ्या पहिल्या मजल्यावरून. तुलना तुमच्याच इमारतीत आहे, यापेक्षा चांगला पुरावा कुठला? तुम्ही स्वतः वापरता हे दाखवायला शॉप ॲक्टचा दाखला, जीएसटी नोंदणीवरचा पत्ता आणि वीजबिल जोडा.

तिसऱ्या मजल्याचा मुद्दा वेगळा आहे. रिकामा म्हणून करयोग्य मूल्य शून्य होत नाही. रिकाम्या जागेसाठी परतावा मागता येतो, पण जागा रिकामी असल्याची लेखी सूचना दिलेली असेल तरच. मागचे महिने गेले असं समजा. पत्र उद्याच द्या.

एक प्रश्न : त्या पार्किंगमध्ये काही बांधकाम केलंय का? जनरेटरची खोली, एटीएम, असं काही? खरं सांगा, कारण मंजूर नकाशातलं पार्किंग बंदिस्त केलेलं निघालं तर अनधिकृत बांधकाम म्हणून दुप्पट शास्तीचा विषय निघू शकतो, आणि मग हरकतच अंगावर येईल.

मिळकतदार_होटगीरोड

काका, तुमचं उत्तर मी प्रिंट काढून फायलीला लावलं. पन्नास फायलींचं जे सांगितलंत ते आधी कुणी सांगितलं नव्हतं.

पार्किंगच्या कोपऱ्यात बँकेच्या जनरेटरचा सिमेंटचा ओटा आहे आणि भोवती लोखंडी जाळी. छप्पर वरच्या स्लॅबचंच. काल ओळखीच्या इंजिनिअरला घेऊन टेपने मोजलं : जाळीच्या आतली जागा ६ चौ. मी. भरली. ती बँकच वापरते, म्हणून तेवढी जागा भाड्यात धरायला माझी हरकत नाही, तसं अर्जात मी स्वतःहून लिहिणार आहे. उरलेल्या ५४ मध्ये पांढऱ्या पट्ट्या आणि गाड्या, बाकी काही नाही. मंजूर नकाशात आणि भोगवटा प्रमाणपत्रात तिथे स्पष्ट "वाहनतळ" लिहिलंय. चारही बाजूंनी फोटो काढले, तारखेसकट.

मोजताना आणखी एक सापडलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याला नोटिशीत १७० चौ. मी. आहेत आणि पहिल्याला १६०. इमारत खालपासून वरपर्यंत सारखीच! आमच्या मोजणीत प्रत्येक मजला १६० च भरतो. एजन्सीच्या मुलांनी वर जिन्याची लँडिंग आणि लिफ्टचा पॅसेज धरला असणार.

बँकेच्या करारात एक कलम आहे : ५२ हजारांपैकी ७ हजार हे वॉचमन, लिफ्ट आणि जनरेटरच्या देखभालीचे. हे वेगळं मांडता येईल का? आणि सुनावणीत ऐकलं नाही तर पुढे काय?

वकील_दक्षिणकसबा

मॅडम, १० चौ. मी.चा फरक दोन मजल्यांवर दरवर्षी मोजला जाणार आहे, म्हणून तो मुद्दा पार्किंगच्या खालोखाल ठेवा. इंजिनिअरचं सही-शिक्क्याचं मोजमापाचं पत्रक जोडा आणि अर्जातच मागणी करा की संयुक्त मोजणी तुमच्या समक्ष व्हावी. आकारणी पुस्तकातली तुमच्या मिळकतीची नोंदही बघून घ्या. मिळकतदाराला ती बघायचा हक्क आहे. एजन्सीने भरलेला फॉर्म मिळाला नाही तर माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज टाका.

सात हजारांचा मुद्दा जरूर मांडा. वॉचमनचा पगार आणि डिझेल म्हणजे जागेचं भाडं नव्हे. पण नुसत्या कलमावर भागणार नाही, खर्चाची बिलं दाखवावी लागतील. लिफ्ट कंपनीचा वार्षिक करार, डिझेलच्या पावत्या, वॉचमनला दिलेल्या पगाराच्या नोंदी काढून ठेवा. हा मुद्दा शंभर टक्के मान्य होईलच असं मी म्हणणार नाही. पार्किंग आणि क्षेत्रफळ हे तुमचे भक्कम मुद्दे, म्हणून त्यांच्याने सुरुवात करा.

बँकेच्या बाबतीत आणखी एक. जुन्या भाडेकरूंच्या जागेला भाडे नियंत्रण कायद्यातलं प्रमाण भाडं, म्हणजे त्या कायद्याने घातलेली भाड्याची मर्यादा, पुढे करता येतं. दिल्लीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८० च्या सुमारास हे तत्त्व स्पष्ट केलं. पण आपल्या महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यातून बँका आणि १ कोटी किंवा जास्त भरणा झालेलं भांडवल असलेल्या कंपन्या वगळलेल्या आहेत. म्हणून बँकेच्या भाड्याला तो आधार घ्यायला जाऊ नका, तिथे करारातलंच भाडं धरलं जाणार. पहिल्या मजल्याचे करार मात्र नोंदणीकृत आहेत ना? त्या कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे ते लेखी आणि नोंदणीकृत असायला हवेत. नोंदणी नसेल तर "भाडं मुद्दाम कमी दाखवलंय" असा संशय पहिल्यांदा तिथेच येतो.

आता पुढचं. हरकतीवरचा निर्णय लेखी घ्या. तो मान्य नसेल तर महापालिकेच्या १९४९ च्या अधिनियमातल्या कलम ४०६ खाली अपील. पुण्यात ते लघुवाद न्यायालयात जातं, आपल्याकडे दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर यांच्यापुढे. मुदत फक्त १५ दिवस. आधी हरकत दिलेली आणि तिचा निकाल लागलेला असला पाहिजे, आणि कराविरुद्ध अपील असेल तर मागणीची रक्कम भरलेली असली पाहिजे. ही रक्कम न भरता अपील ऐकलंच जात नाही, म्हणून चाटी गल्लीवाल्या भाऊंचं ऐका आणि बिल भरा. त्यापुढे जिल्हा न्यायालय आहे. पण तुमची कागदपत्रं बघता तिथवर जायची वेळ येऊ नये असं मला मनापासून वाटतं.

मिळकतदार_होटगीरोड

सीएसाहेबांचा करार नोंदणीकृत आहे. सर्व्हेयरचा मात्र नूतनीकरणानंतर नुसता शंभराच्या स्टॅम्पवर आहे. त्यांना आजच फोन केला, या आठवड्यात नोंदणी करून घेऊ.

निवृत्त_करनिरीक्षक

मागच्या तारखेचं काही करू नका, आजच्या तारखेने नोंदवा आणि सोबत त्यांच्या भाड्याच्या बँक जमा नोंदी जोडा. खात्यात दरमहा तीच रक्कम आलेली दिसली की नोंदणी उशिरा झाल्याचं फारसं कुणी काढत नाही.

मिळकतदार_होटगीरोड

बँक स्टेटमेंट काढलं. पहिल्या सहामाहीचं बिल हक्क राखून भरलं, पत्राची पोच घेतली. तिसरा मजला रिकामा असल्याची सूचनाही दिली. अर्जाचा मसुदा असा केलाय : पहिल्या पानावर मजलावार तक्ता, नोटिशीतलं क्षेत्र आणि दर एका बाजूला, आमचं दुसऱ्या बाजूला, शेवटी दोन्हीकडची करयोग्य मूल्यं. बाकी सगळं जोडपत्रात. सोमवारी दाखल करते. दीरसुद्धा सोबत येतो म्हणालेत. सुनावणीत काय झालं ते इथे सविस्तर लिहीन, म्हणजे होटगी रोडच्या बाकीच्या मिळकतदारांनाही उपयोग होईल.