रिपोर्टमध्ये ‘ओ’, पण ओ गटाची एकही पिशवी जुळत नाही

प्रश्न: रुग्ण ओ पॉझिटिव्ह, पण ओच्या प्रत्येक पिशवीशी क्रॉसमॅचमध्ये (रुग्णाचं आणि पिशवीतलं रक्त जुळतं का, ही चाचणी) गुठळ्या होतात. बॉम्बे ग्रुप (ओ पेशींवर असणारा ‘एच’ हा घटकही नसलेला दुर्मीळ रक्तगट) असेल का? कसं तपासायचं? आणि तो आपल्याकडेच जास्त का?

उत्तर १: फक्त फॉरवर्ड ग्रुपिंग (रुग्णाच्या पेशींवर अँटी-ए, अँटी-बी ही प्रतिद्रव्यं घालून गट ठरवणं) केलं की हाच घोळ होतो. अँटी-ए, अँटी-बी दोन्हींना प्रतिसाद नाही, म्हणून ‘ओ’ लिहून मोकळे. रुग्णाचा सीरम (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव) ओ पेशींबरोबर लावा. खरा ओ असेल तर काही होणार नाही, बॉम्बे असेल तर जोरदार गुठळ्या. मग रुग्णाच्या पेशींवर अँटी-एच लेक्टिन (एच घटकाला चिकटणारं प्रथिन) घाला: ओ पेशी घट्ट चिकटतात, बॉम्बेच्या सुट्याच राहतात. ऑटो कंट्रोल (रुग्णाचा सीरम त्याच्याच पेशींबरोबर) लावायला विसरू नका. तो पॉझिटिव्ह आला तर शोध वेगळ्या दिशेने घ्यावा लागेल.

उत्तर २: डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ साली हा गट मुंबईत नोंदवला. भारतात साधारण दहा हजारांत एक, युरोपात दहा लाखांत एक. सदोष एच जनुक आई आणि वडील दोघांकडूनही यावं लागतं, त्यामुळे जातीतल्या आणि नात्यातल्या लग्नांत शक्यता वाढते. म्हणून आधी सख्ख्या भावंडांची तपासणी करा, प्रत्येकाची शक्यता २५ टक्के.

उत्तर ३: कृपया ‘ओ निगेटिव्ह सगळ्यांना चालतं’ म्हणून लावू नका! बॉम्बे रुग्णाच्या रक्तातलं अँटी-एच (एच घटकाविरुद्धचं प्रतिद्रव्य) शरीराच्या तापमानालाही काम करतं, तांबड्या पेशी रक्तवाहिनीतच फुटतात. बॉम्बेला बॉम्बेच, आरएचही जुळवून. प्लाझ्मा मात्र कुठल्याही गटाचा चालतो. शस्त्रक्रिया ठरलेली असेल आणि हिमोग्लोबिन चांगलं असेल, तर स्वतःचंच रक्त आधी काढून ठेवता येतं. सीपीडीए (रक्त गोठू न देणारं द्रावण) असलेल्या पिशवीत ते ३५ दिवस टिकतं.